घरात अडकलेल्यांसाठी ट्यूब बँडचा संच: घ्यावा का?

कोरोनात ठाण्याच्या उपवन तलावाचा फेरा बंद होता, नवी मुंबईत पाम बीच रोडवरचं चालणं बंद होतं आणि पेशंटला तर घरचा हॉलसुद्धा बंद होता. अशा वेळी दहा बाय दहाच्या खोलीत खरंच चालणारं साहित्य म्हणजे हजाराच्या आत मिळणारा ट्यूब बँडचा, म्हणजे ताणून व्यायाम करायच्या रबरी नळ्यांचा संच. दोरीच्या उड्या मारल्या की खालच्या मजल्यावर धपधप होते. इथे तो त्रास नाही. पाच ट्यूब, दोन मुठी, दोन पायपट्टे आणि ट्यूब दाराच्या फटीत अडकवायला एक दारपट्टा, बस्स.

दारपट्टा लावताना मात्र घोळ होतो. ओढल्यावर दार चौकटीत घट्ट बसलं पाहिजे, म्हणजे ते तुमच्यापासून पलीकडे उघडणारं हवं. बेडरूमचं दार बहुधा आत उघडतं. खोलीत बसून ओढलंत तर सगळा ताण कडीवर येतो. बाथरूमचं दार पलीकडे उघडतं खरं, पण पीव्हीसीचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका, बिजागऱ्या निखळतात. आयसोलेशनमध्ये आमचा सल्ला एकच: दार सोडा, पाय वापरा.

पाय लांब करून बसा. बूट घालून ट्यूब तळव्याच्या मधोमध घ्या आणि प्रत्येक पायाला एक वेढा द्या. वेढा नसेल तर ती सटकून थेट तोंडावर येते. मुठी धरून कोपरं मागे न्या, तीन आकडे मोजत हळू सोडा. 12 ते 15 वेळा, मध्ये मिनिटभर थांबून तीनदा. दिवसभर लोळून आखडलेल्या पाठीला हे फार चांगलं. अंगात ताप किंवा धाप असेल तेव्हा मात्र संच पिशवीतच राहू द्या. सहा मिनिटं चालून ऑक्सिजन तीन टक्क्यांहून जास्त उतरला, तर व्यायाम नको, डॉक्टरांना फोन करा.

ट्यूबवरचं वजन ती पूर्ण ताणल्यावरचं असतं, त्यामुळे आकड्याला भुलू नका. मूळ लांबीच्या अडीचपटीपुढे ताणूही नका. तुटते ती बहुतेकदा हुकाजवळ, तेव्हा रोज तिथे बोट फिरवून चीर आहे का बघा. घाम पुसून ट्यूब सावलीत वाळवा. ग्रिलवर उन्हात टाकली की लॅटेक्स कडक होऊन तडकतं. खाडीच्या दमट हवेत स्वस्तातले हुक गंजतात. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर हा संच घेऊच नका.

चालण्याची जागा तो भरून काढत नाही. त्यासाठी पलंगाभोवती फेऱ्या आहेतच.