सर्टिफिकेट मिळालं, पण बाजी गुरगुरायचा विसरला

आमचा कुत्रा बाजी, करवानी जातीचा. पूर्ण नाही, आई करवानी आणि बाप गावठी. लांब तोंड, आत गेलेलं पोट, तांबूस रंग. आमच्या भागात ही कुत्री पाळणाऱ्यांना ठाऊक असतं, की ह्यांना परक्याने अंगाला हात लावलेला खपत नाही. लग्न होऊन ही जुळे सोलापुरातल्या घरी आली तेव्हा बाजी पाच महिन्यांचा होता. पहिल्याच आठवड्यात तो माझा राहिला नाही, हिचा झाला. गॅसची टाकी आणणारा पोरगा गेली चार वर्षं फाटकातूनच हाक मारतो.

ह्या फेब्रुवारीत डोहाळजेवण होतं. ही पाटावर बसलेली, बाजी कोपऱ्यात. आत्याबाई ओटी भरायला वाकल्या, त्यांचा हात हिच्या पोटाजवळ गेला आणि बाजी उठून मधे आला. गुरगुरला. आत्याबाई थांबल्या नाहीत, तसा त्याने पदर धरला. दात कुणाला लागला नाही, पण सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या आणि ताटातला नारळ घरंगळत दारापर्यंत गेला. संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "लेकरू यायच्या आत ह्याचं काय तर कर बाबा."

ह्याच वाक्याने मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस गिऱ्हाईक म्हणून फार सोपा असतो.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. तिथल्या एकाच्या स्टेटसवर जाहिरात दिसली: कुत्र्यांचं ट्रेनिंग, एकवीस दिवस आमच्याकडे ठेवा, "बाळासाठी शंभर टक्के सेफ, गॅरंटी". फोन केला. माणूस बोलायला गोड. "साहेब, करवानी आहे ना? मग तर माझ्याकडेच आणा. दुसऱ्याला जमणार नाही." एकवीस दिवसांचे 18,000, त्यावर 'बेबी स्पेशल'चे 4,000. क्यूआर कोड पाठवला, तो भलत्याच नावाचा. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे. रोज कारखान्यात पाचशेच्या व्हाउचरवर दोन सह्या मागणारा मी, इथं 22,000 पाठवून मोकळा झालो. पावती मागितली नाही.

जागा शहराबाहेर, शेतात पत्र्याची शेड. 3 एप्रिलला बाजीला सोडायला गेलो तेव्हा ट्रेनरने मला फाटकापाशीच थांबवलं. आत का जायचं नाही? "मालक दिसला की कुत्रं शिकत नाही." ऐकायला पटलं. ट्रेनिंग कसं करता, हे मी विचारलंच नाही. कुत्रं गुरगुरलं तर तुम्ही काय करता, एवढा एक प्रश्न टाकला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं असं आता वाटतं.

दर आठवड्याला एक व्हिडिओ यायचा. टॉवेलात गुंडाळलेली बाहुली बाजीच्या पोटाशी ठेवलेली, बाजी शांत. मी ते व्हिडिओ बार्शीला माहेरी गेलेल्या बायकोला पाठवायचो. ती एकदा म्हणाली, "हा माझ्या बाजीसारखा दिसत नाही." मी हसण्यावारी नेलं. खूप नंतर तिन्ही व्हिडिओ लागोपाठ पाहिले. तिन्हीत मागच्या कठड्यावर तीच पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. पत्र्याची सावलीही कठड्याच्या त्याच विटेवर. एका दुपारी तीन तुकडे काढून ठेवले होते आणि आठवड्याला एक असे सोडत होता.

24 एप्रिलला बाजी घरी आला. सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, 'बेबी सेफ डॉग', खाली सोनेरी शिक्का. माझी स्कूटर वाजली की फाटकावर चढणारा बाजी पायरीवर बसला तो बसलाच. आईने भीत भीत पाठीवर हात ठेवला, हलला नाही. ट्रेनरने त्याच्या पुढच्या पायांवर बाहुली ठेवून दाखवली. आम्ही टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक गुलाबी-पांढरं कातडं अर्ध्या डोळ्यावर आलेलं मला दिसलं. मला वाटलं, गाडीत झोप झाली नसेल. जाताना त्याने तीस पुड्या दिल्या, 1,800 रुपयांच्या. "हर्बल आहे साहेब. सकाळ-संध्याकाळ गुळात द्यायची. ट्रेनिंग पक्कं होतं."

दोन दिवसांनी बार्शीत मुलगी झाली. त्या धांदलीत बाजीकडे नीट बघायला कुणाला वेळ नव्हता. उन्हाळा सोलापूरचा, पारा 43 च्या आसपास. बाजी दिवसभर मोरीच्या फरशीवर धापा टाकत पडून असायचा, आणि आई कौतुकाने शेजारणीला सांगायची, किती शहाणा झालाय बघा.

8 मेच्या रात्री पुड्या संपल्या. ट्रेनर म्हणाला, बाहेरगावी आहे, उद्या पाठवतो. 9 तारखेला सुट्टीला आलेल्या भाच्याच्या हातून स्टीलचं ताट पडलं. बाजी दोन हातांवर झोपलेला. मी ताट उचलायला वाकलो आणि त्याने माझा पंजा धरला. गुरगुर नाही, दात दाखवणं नाही, काहीच नाही. सरळ चावा. अंगठ्याखाली दोन भोकं. पाण्याचा दिवस होता हे नशीब, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धरता आला. नाहीतर आमच्याकडे मे महिन्यात नळ सोडा म्हणणं म्हणजे चेष्टाच. मग सिव्हिलला गेलो. बाजीला दरवर्षी रेबीजची लस असते, कार्डही दाखवलं, तरी डॉक्टरांनी त्या दिवसापासून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यायला सांगितलं. सगळी इंजेक्शनं घेतली. चावा बारीक आहे म्हणून हळद लावून बसू नका, एवढं मधेच सांगतो.

ट्रेनरला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न माझ्या हाताचा नव्हता. "पुडी चुकली का?" चुकली म्हटल्यावर संध्याकाळी एका पोराच्या हाती दहा पुड्या आल्या, वर निरोप, आता दोन-दोन द्या. आणि मी दिल्या. ह्याची मला आजही लाज वाटते.

रात्री बाजीला उठता येईना. मागचे पाय फाकत होते. सकाळी रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. हे डॉक्टर त्याला पिल्लू असल्यापासून बघतात, त्यांच्या भिंतीवर नोंदणी क्रमांक लावलेला आहे. ट्रेनरकडे फक्त रंगीत कार्ड होतं, पण फेब्रुवारीत मी ह्यांना विचारायचं सोडून कार्डवाल्याला विचारलं. डॉक्टरांनी वरचा ओठ उचलला. हिरड्या पांढुरक्या. डोळ्यावरचं ते कातडं म्हणजे तिसरी पापणी. जागं, निरोगी कुत्रं तुमच्याकडे बघतंय तेव्हा ती अशी अर्ध्यावर दिसत नाही. नाडी मंद. त्यांनी पुडी मागितली, वास घेतला आणि म्हणाले, "ह्यात काय आहे ते तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही. पण लक्षणं गुंगीच्या औषधाची आहेत. असिप्रोमाझीनसारखं काहीतरी."

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. ह्या औषधाने शरीर थंडावतं, भीती थंडावत नाही. कुत्र्याला सगळं ऐकू येतं, दिसतं, पण उठवत नाही. उलट अचानक आवाज झाला की ते जास्त दचकू शकतं. रक्तदाब उतरतो, आणि अंगातली उष्णता सांभाळायची ताकद बिघडते. सोलापूरच्या मेमध्ये, पत्र्याखाली. मी मोरीतली धाप आठवत उभा राहिलो.

नंतर त्यांनी मानेवरचे केस बोटांनी बाजूला केले. घशाच्या खाली दोन गोल खपल्या, शेजारी शेजारी, मधे दोन बोटांचं अंतर. विजेच्या पट्ट्याच्या डबीला दोन धातूचे खिळे असतात, ते कातडीला टेकतात, रिमोट दाबला की झटका. "गुरगुरला की झटका, असं केलं असणार," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्याची गुरगुर म्हणजे 'थांब, पुढं येऊ नको.' ती बंद केली म्हणजे राग गेला असं नाही. सांगायचं बंद झालं."

डोहाळजेवणात बाजीने आत्याबाईंना आधी सांगितलं होतं. मग पदर धरला होता. बावीस हजार भरून मी त्याचं ते सांगणं बंद करून आणलं होतं, आणि असा कुत्रा तान्ह्या मुलीच्या पाळण्याजवळ बसवणार होतो.

पैशांचं थोडक्यात. फोनवर तो म्हणाला, "बाळाला चावला का? नाही ना? मग गॅरंटी कुठं तुटली? मालकाला चावला ही मालकाची चूक." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. माझी अडचण अशी, की पावती नाही, करार नाही, खातं दुसऱ्याच्या नावाचं. कामाला आलं ते व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयच्या नोंदी आणि डॉक्टरांचा केसपेपर, ज्यावर मानेच्या जखमांची मापं आहेत. उरलेल्या पुड्या डबीत बंद करून ठेवल्यात. सर्टिफिकेटचा फोटो तक्रारीला जोडला. मूळ प्रत आईने घेतली, बाळंतिणीच्या शेगडीला वारा घालायला.

ही दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन जूनच्या शेवटी येणार होती. हातात सहा-सात आठवडे. डॉक्टरांनी पुड्या त्यांच्या देखरेखीखाली बंद केल्या आणि आठवडाभर बाजीला नुसतं राहू द्या म्हणाले. मग जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला आधी विश्वासच बसेना. बाजीची गादी आमच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आत्ताच हलवा, बाळ आल्यावर नको, नाहीतर त्याला वाटेल हिच्यामुळे मला हाकललं. फिरायची वेळ आत्तापासून मागं-पुढं करा. मोबाइलवर बाळाचं रडणं अगदी बारीक आवाजात लावा आणि ते चालू असेपर्यंत उकडलेल्या चिकनचे तुकडे द्या. आवाज बंद, चिकन बंद. पहिल्या दिवशी बाजी खोली सोडून गेला. मी आवाज आणखी कमी केला. तीन आठवड्यांनी रडणं लागलं की तो माझ्या खिशाकडे बघायला लागला.

वासाचं काम आईने अंगावर घेतलं. वेखंड, ओव्याची धुरी, बाळाचं तेल, रोज थोडं थोडं. बार्शीहून मेहुणा आला तो प्लास्टिकच्या पिशवीत लेकीचं न धुतलेलं झबलं घेऊन. मी ते हातात धरून लांब बसलो. बाजी आला, हुंगलं, निघून गेला, परत आला. मधल्या दाराला वेल्डरकडून कमरेएवढी जाळी बसवून घेतली.

आल्या दिवशी ही एकटी आत आली, लेक आईजवळ रिक्षातच. चार महिन्यांनी दिसली म्हटल्यावर बाजीने उड्या मारल्या, रडला, तिच्या पायांवर लोळला. ते सगळं पंधरा मिनिटं होऊ दिलं. मग लेक आत आली, बाजी साखळीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्याने ओठ चाटला, तोंड फिरवलं, जांभई दिली. पूर्वी मी म्हटलं असतं, कंटाळला. आता कळतं, हे 'मला जड जातंय'चं पहिलं बोलणं. मी त्याला बाहेर नेला. त्या दिवसापुरतं तेवढंच.

आता लेक चार महिन्यांची आहे. मोठं माणूस मधे असल्याशिवाय दोघं एका खोलीत नसतात, आणि बाजीवर पूर्ण भरवसा आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या महिन्यात भाचा त्याच्या ताटलीशी खेळत होता तेव्हा बाजी हळूच गुरगुरला. भाच्याला उचलून मी आधी डॉक्टरांना फोन केला. आनंदाने.

तक्रारीची तारीख अजून लागायची आहे. परवा मेहुण्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. त्या माणसाचा नवा नंबर, नवं नाव, आणि जाहिरातीत आमचा बाजी: टॉवेलातली बाहुली, अर्धा झाकलेला डोळा, मागं कठड्यावर पाण्याची बाटली. खाली लिहिलंय, 'हॅपी क्लायंट, सोलापूर'.