बांधानं की ओढ्यानं?

माझं हरणांच्या शिकारीचं मचाण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, एका उतारावरच्या ओकवर आहे. त्याला दोन वाटा. वरून, माथ्यावरच्या शेताच्या बांधानं गेलं तर पाव मैल. खालून, दरीतल्या ओढ्यानं गेलं तर पाऊण मैल. वरची कोरडी, सपाट, दहा मिनिटांची. खालची ओली, गोट्यांची, चाळीस मिनिटांची. एवढं ऐकून कुणीही वरचीच धरेल. मीही तीन हंगाम तीच धरली होती.

आपल्यातले दोघंतिघं यंदा पहिल्यांदाच स्वतःचं मचाण लावताहेत आणि सगळ्यांनाच हाच प्रश्न पडलाय, म्हणून हे लिहितोय. हार्नेस (झाडावरून पडू नये म्हणून बांधायचा पट्टा), लायसन्स, धनुष्य क्रॉसबो की कंपाउंड यात शिरत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. हरणाला चाहूल न लागू देता झाडाखाली पोचायचं कसं, एवढंच बघू.

हिमयुगातला बर्फ या टापूवरून फिरलाच नाही, त्यामुळे इथल्या डोंगरांना अजून डोंगरपण आहे. माथ्यावर शेती, उतारावर रान, तळाला झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारा ओढा. भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला ठेवण ओळखीची वाटेल, फक्त उंची निम्म्याहून कमी. हरणांचा दिनक्रमही याच ठेवणीवर बेतलेला: रात्री माथ्यावरच्या शेतात चरायचं, फटफटायच्या सुमाराला उताराला लागायचं आणि दिवसभर डोंगराच्या एखाद्या सोंडेवर बसून रवंथ करायची. माझा ओक त्यांच्या शेत ते सोंड या वाटेवर, साधारण मध्यावर येतो. तुमचं मचाण सपाट मुलखात असेल, तर पुढचं सगळं थोडं हातचं राखून वाचा.

बांधाच्या वाटेचं जे खरं आहे ते आधी सांगतो. गाडी शेतमालकाच्या खळ्यात लावायची, तिथल्या कुत्र्याला एक बिस्किट द्यायचं आणि चालू लागायचं. पायाखाली कापलेलं गवत, आवाज नाही. घाम येत नाही, म्हणजे मचाणावर बसल्यावर कुडकुडायला होत नाही. पहाटे अर्धा तास जास्त झोप मिळते. चाळिशीनंतर या अर्ध्या तासाची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको. शिवाय ज्या वर्षी शेतात सोयाबीन असतं आणि त्याची पानं पिवळी पडून गेलेली असतात, त्या वर्षी हरणांचा त्या तुकड्यातला रस संपतो. मग ती वाट खरोखरच मोकळी असते. माझा पहिला हंगाम असाच गेला आणि तिथंच मी फसलो.

दुसऱ्या वर्षी मका होता. ऑक्टोबरच्या शेवटी कापणी झाली, दाणे जमिनीवर सांडले, आणि जेवणावळ सुरू झाली. पहाटे साडेपाचला मी बांधावर, आणि साठ-सत्तर पावलांवर अंधारात किती हरणं उभी आहेत याचा मला पत्ता नाही. त्यांना मात्र माझा आहे. माथ्यावरच्या शेताची कड म्हणजे आकाशाच्या पाटीवर माणूस काढून ठेवल्यासारखं. कपडे कितीही ठिपक्यांचे घाला, हलणारी उभी आकृती लपत नाही. डोक्यावरच्या दिव्याला लाल काच लावली, कारण लाल रंग हरणाच्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण अडचण दिव्याची नव्हतीच.

अडचण होती एका म्हाताऱ्या मादीची. म्हातारी हे मी ठरवलेलं, कारण तरुण हरण एवढं नीट वागत नाही. पहिल्या दिवशी ती पाय आपटून थांबली. मग नाकातून फुसकारा. कुणी जोरात शिंक दाबावी आणि ती दबू नये, तसा आवाज. मी गोठलो. पाच मिनिटं आम्ही दोघं अंधारात एकमेकांची परीक्षा घेत उभे. मी एक पाऊल टाकलं, पुन्हा फुसकारा. मग ती पळाली, पण सरळ पळून जाईल तर ती म्हातारी कसली. उतारावर, माझ्या मचाणाच्या बाजूलाच थोडी खाली जाऊन उभी राहिली आणि तिथून दर अर्ध्या मिनिटाला फुसकारत राहिली. मी झाडावर चढलो, हार्नेस अडकवला, उजाडलं, तरी तिचं चालूच. ताडोब्यात चितळानं कॉल दिला की आपण जिप्सीत उभे राहून खूश होतो, वाघ आला म्हणून. इथं कॉल माझ्या नावानं चालला होता.

त्या पहाटे काही आलं नाही. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी मी अर्धा तास लवकर गेलो. ती त्याहून लवकर आलेली. एकदा उशिरा, उजाडताना गेलो, तर ती आणि तिच्या मागं आणखी नऊ शेपट्या, पांढरे रुमाल फडकवत, रानात घुसताना दिसल्या. माणूस चुकला तर चूक सुधारता येते, पण अंधारात न दिसणाऱ्या चुकीला सुधारायचं कसं? बांधाच्या वाटेचं माझं गाऱ्हाणं एवढंच आहे. लांबी, रुंदी, कोरडेपणा सगळ्यात ती उजवी, पण पहाटे ती थेट हरणांच्या पंगतीतून जाते. मी मोजदाद ठेवलेली नाही, पण त्या मक्याच्या हंगामात फुसकारा ऐकल्याशिवाय झाडावर चढलेली पहाट मला आठवत नाही.

चौथ्या वर्षी खालून गेलो. गाडी दरीतल्या पुलापाशी, गमबूट गुडघ्यापर्यंत, आणि सरळ पाण्यात.

पहिला फरक कानाला कळतो. ओढा स्वतःच बडबडत असतो, त्यात तुमचा पाय बुडाला काय नि निघाला काय. दोन-तीन पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दोन. पाण्यातून रॅकून जातात, हरणंही ओलांडतात, त्यामुळे थांबत-थांबत होणारा डुबुक आवाज त्या रानाला परका नाही. एकसुरी ठप-ठप-ठप चालतो तो फक्त माणूस. दुसरं म्हणजे पाण्यात पावलाचा वास राहत नाही. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, वारा.

लहानपणी रुईच्या म्हाताऱ्या फुंकरीनं उडवायचो, तशाच म्हाताऱ्या इथल्या मिल्कवीडच्या शेंगेत असतात. झाडं एकाच कुळातली. खिशात एक शेंग ठेवा आणि पहाटे उतारावर एक म्हातारी सोडा. वाऱ्याची झुळूक नसेल तरी ती खालच्या दिशेनं, ओढ्याकडे वाहत जाताना दिसेल. रात्रभर थंड झालेली जड हवा पाण्यासारखीच उतारावरून खाली येते आणि ओढ्याच्या घळीतून पुढं सरकते. म्हणजे पहाटे ओढ्यात चालणाऱ्याचा वास ओढ्याबरोबर खाली जातो आणि वर शेतात चरणाऱ्यांच्या नाकापर्यंत पोचतच नाही. मचाणावर चढल्यावरही तो वास काही वेळ खालीच ओघळत असतो, तेव्हा शेताकडून येणारं हरण बेसावध येतं. ऊन उतारावर आलं की हवा उलटते, वर चढू लागते. तोवर जे व्हायचं ते बहुधा झालेलं असतं. अर्थात मोठा वारा सुटला की हे सगळं हिशेबाबाहेर, हे कबूल.

पहिल्या पहाटे चढून बसलो तेव्हा इतकी शांतता होती की मला वाटलं रान रिकामंच आहे. मग वरून, शेताच्या कडेनं, पानांत पावलं. चार हरणं माझ्या खालून गेली. त्यात ती म्हातारी होती की नव्हती, शपथेवर सांगत नाही. पण एकीनं जाताना थांबून बांधाकडे मान वळवून पाहिलं, नेहमीचा माणूस आज कुठं राहिला म्हणून. असं मला वाटलं.

आता ओढ्याची दुखणी. ती थोडी नाहीत.

गमबूट गुडघ्यापर्यंत आणि एखादा डोह मांडीपर्यंत, हे गणित तुम्ही अंधारात चुकणार. मी चुकलो आणि तीन तास ओल्या मोज्यांत बसलो. तेव्हापासून पाठपिशवीत सुके मोजे आणि झाडाखाली बदलायला हलके बूट असतात, म्हणजे आणखी ओझं. दगडांवर शेवाळ असतं. पडलात तर क्रॉसबोच्या दुर्बिणीचं काय होईल ते तुमचं तुम्ही बघा. एकट्यानं जाणार असाल तर घरी वाट सांगून ठेवा. माझ्या बायकोला दोन्ही वाटांची नावं पाठ आहेत, आणि तिचं मत बांधाच्या बाजूनं आहे.

ओढ्यातल्या ट्राउट माशांचाही विचार करावा लागतो. आपला हंगाम ऐन भरात असतो, त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्रुक आणि ब्राउन ट्राउट अंडी घालतात. तळाला खडीचा एखादा गोल तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ, घासून काढल्यासारखा दिसला तर तिथं पाय देऊ नका, कडेनं जा. गळ टाकणारे मित्र असतील तर ते तुम्हाला यावरून बोलतील, आणि बरोबरच बोलतील.

जमिनीचा मामला पण आहे. विस्कॉन्सिनात नाव जाईल असं पाणी सार्वजनिक मानतात. कायदेशीर जागेवरून, म्हणजे पुलापाशी वगैरे, पाण्यात उतरलात तर शेजाऱ्याच्या हद्दीतूनही पाण्यातून चालता येतं, पण पाय ओले राहिले पाहिजेत. काठावर चढलात की ती त्याची जमीन. तरीही मी शेजारच्या मालकाला पहिल्याच वर्षी भेटून आलो. पहाटे पाचला आपल्या ओढ्यात दिवा हलताना दिसला तर कुणालाही बरं वाटत नाही, आणि आपला चेहरा इथं अजून सगळ्यांच्या ओळखीचा नाही.

आणि बर्फ. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, तोवर ओढ्याच्या कडांना पापडी धरलेली असते. झऱ्याचं पाणी मधे वाहतं राहतं, पण उतरताना आणि चढताना ती पापडी मोडावीच लागते. शंभर पापड एकदम मोडल्यासारखा आवाज होतो. त्या आठवड्यात ओढ्याचा माझा आग्रह नाही. तेव्हा मी शेतमालकाच्या ट्रॅक्टरवर मागं उभा राहून जातो. ट्रॅक्टर हरणं रोज बघतात. बाजूला होतात, पण मनाला लावून घेत नाहीत. तो मला रानाच्या कडेला उतरवतो आणि न थांबता पुढं निघून जातो. नारिंगी जॅकेट घालून ट्रॅक्टरमागं लोंबकळणारा मराठी माणूस हे दृश्य त्याला दरवर्षी हसवतं.

दुपारच्या बैठकीचं गणित मात्र उलटं आहे, आणि इथं बांधाला त्याचं माप द्यायलाच हवं. दुपारी दोन-अडीचला शेत रिकामं असतं, हरणं सोंडेवर बसलेली असतात, आणि उन्हानं तापलेली हवा वर चढत असते. त्या वेळी ओढ्यातून गेलात तर तुमचा वास थेट सोंडेवर पोचतो. तेव्हा दुपारी बांधानंच जावं. फक्त शेत मधून कापू नका, संध्याकाळी हरणं जिथून बाहेर पडतील तिथं पाऊल नको, गवताला हात नको. पण अंधार पडल्यावर परत कुठून? हरणं तोवर शेतात उतरलेली असतात. मी एकदा रात्री पावणेआठपर्यंत मचाणावर अडकून बसलोय, खाली चौदा हरणं आणि माझे पाय बधिर. आता दुपारी बांधानं जाताना गमबूट पिशवीला बांधून नेतो आणि रात्री ओढ्यानं उतरतो. हवा तेव्हा पुन्हा खाली वाहायला लागलेली असते. गाडी खळ्यात राहते ती राहतेच. पुलापासून वर खळ्यापर्यंतचा रस्ता चढाचा आहे, मी तो शिव्या देत चढतो.

तेव्हा तुमचा माथा सोयाबीनचा असेल, गुडघे कुरकुरत असतील, किंवा तुम्ही फक्त दुपारीच जाणार असाल, तर बांध वाईट नाही. माझ्यापेक्षा चांगले शिकारी बांधानं जातात. शेतात मका असेल आणि तुम्हाला पहाटच हवी असेल, तर एकदा ओढा करून बघा. तीन पहाटा तरी द्या, पहिली ओल्या मोज्यांतच जाते.

पहिल्या वर्षी मी बांधाच्या वाटेवरच्या झाडांना चमकणाऱ्या टाचण्या लावल्या होत्या, अंधारात दिव्यावर दिसाव्यात म्हणून. नंतर ओढ्याच्या वाटेवरही लावल्या. या सप्टेंबरात मचाणाचे पट्टे तपासायला गेलो तेव्हा दोन्हीकडच्या बऱ्याच गळून पडल्या होत्या. खिशात नवीन डबी होती. ओढ्याकडच्या सगळ्या लावून झाल्या, डबीत अजून वीसेक शिल्लक होत्या, आणि बांधाकडे न जाता मी घरी आलो.