रूटची खिडकी उघडेना: सुडो, पीकेएक्झेक, ॲडमिन पत्ता की ग्रुप?

खेड्यातल्या शाळेच्या संगणक खोलीत किंवा सेतू केंद्रात उबुंटू, मिंट या लिनक्स प्रणाली टाकलेल्या असल्या की ही वेळ येतेच. एखादी फाइल सेव्ह होत नाही, आर्डुइनो या इलेक्ट्रॉनिक्स बोर्डाचा पोर्ट ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो आणि मग कोणीतरी टर्मिनलमध्ये प्रोग्रामच्या नावाआधी सुडो (रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने चालवणारी आज्ञा) लावतो. कधी चालते, कधी ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ येते. सगळ्यात वाईट म्हणजे आज चालते आणि उद्या सकाळी लॉगिनच होत नाही. तालुक्याहून जाणकार येईपर्यंत मशीन झाकून ठेवायचे नसेल, तर कोणता मार्ग कधी घ्यायचा ते आधीच ठरवलेले बरे. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करायच्या त्या इंग्रजी लहान अक्षरांत. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.)

पहिला प्रश्न एकच: रूट नेमका कशाला हवा? एक फाइल बदलायला, एखादे उपकरण वापरायला, की डिस्कचे भाग पाडणाऱ्या जीपार्टेडसारखा अख्खा प्रोग्रामच रूटचा आहे म्हणून? बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोनांतले असते, आणि त्या दोन्हींना रूटची खिडकी लागतच नाही.

थेट सुडो

सोपे वाटते म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात. अडचण अशी की पडदा तुमच्या लॉगिनच्या मालकीचा असतो, रूटच्या नाही. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या एक्स-११ पद्धतीत प्रोग्रामला पडद्याचा पत्ता आणि घरातल्या (तुमच्या होम फोल्डरमधल्या) ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलमधली कुकी (ओळखीची खूण), दोन्ही लागतात. म्हणून चूक नीट वाचा. नुसते ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ आले, तर पत्ताच पोचलेला नाही. त्याआधी ‘नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड’ अशी ओळ असली, तर पत्ता सापडला, पण दारातून परत पाठवले. दुसऱ्या प्रकारात ‘एक्सहोस्ट +एसआय:लोकलयूजर:रूट’ चालते, आणि काम झाल्यावर अधिकच्या जागी वजा लावून परवानगी काढून घ्यायची. इंटरनेटवर जागोजागी सापडणारे नुसते ‘एक्सहोस्ट +’ मात्र देऊ नका. ते दार सगळ्यांनाच उघडे करते.

एक्स-११ च्या जागी आलेल्या वेलँडवर गोष्ट वेगळी. उबुंटूने 21.04 पासून बहुतेक मशीनवर वेलँड हाच डिफॉल्ट ठेवला. सुडो वातावरणातली बरीच चले (प्रोग्रामला मिळणाऱ्या नोंदी) गाळतो, त्यात वेलँडच्या सॉकेटचा पत्ताही जातो. एक्सहोस्टने तिथे फक्त एक्स-११ साठी लिहिलेल्या प्रोग्रामना वाट मिळते. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजून मुख्यतः एक्स-११ वर चालतो, त्यामुळे ‘तिकडे चालते, इकडे नाही’ हे कोडे बरेचदा एवढेच असते.

आता ‘उद्या लॉगिन नाही’ हे का होते? 19.10 च्या आधीच्या उबुंटूत सुडो लावला तरी ‘होम’ तुमचेच राहायचे. त्यामुळे रूटने चालवलेला प्रोग्राम तुमच्या घरात स्वतःच्या मालकीच्या फाइली टाकून जायचा. ‘.एक्सऑथॉरिटी’ किंवा ‘.आयसीईऑथॉरिटी’ रूटची झाली की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा समोर. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुरी लॉगिन करा. आधी ‘डीएफ -एच’ने डिस्क भरली नाही ना ते बघा, कारण लक्षण अगदी हेच दिसते. मग ‘सुडो चाउन -आर नाव:नाव /होम/नाव’. इथे आर मोठा, आणि नावाच्या जागी तुमचे यूजरनाव. पाथ चुकून हीच आज्ञा ‘/’ वर दिली तर मशीन नव्याने बसवणे आलेच.

काही प्रोग्राम तर रूटला सरळ नकार देतात. व्हीएलसी चालतच नाही, क्रोम सँडबॉक्स (सुरक्षेचे कुंपण) बंद केल्याशिवाय उघडत नाही. त्यांचे बरोबरच आहे.

पीकेएक्झेक

हीसुद्धा रूटच्या हक्काने प्रोग्राम चालवणारी आज्ञा. पासवर्डची खिडकी छान येते, पण वातावरण जवळपास कोरे असते. म्हणून ‘पीकेएक्झेक जीएडिट’ला (जीएडिट हा एडिटर) डिस्प्ले सापडत नाही. ज्या प्रोग्रामच्या पॉलिसी फाइलमध्ये ‘अलाउ जीयूआय’ची नोंद आहे, तेच खिडकी उघडू शकतात. जीपार्टेड, सिनॅप्टिक (पॅकेज बसवणारा) मेनूतून उघडा. ही सोय तिथे आधीच केलेली असते. जुन्या पुस्तिकांतला, खिडकीच्या प्रोग्रामसाठीचा जीकेसुडो शोधू नका, उबुंटू 18.04 पासून तो काढून टाकला आहे. आणखी एक: पीकेएक्झेकमध्ये 2009 पासून असलेले भोक जानेवारी 2022 मध्ये उघड झाले. त्यानंतर अपडेट न झालेल्या मशीनवर कोणताही साधा यूजर रूट होऊ शकतो. आधी अपडेट करा.

फाइलच बदलायची असेल तर

दोन चांगले पर्याय. ‘फाइल्स’ या प्रोग्राममध्ये कंट्रोल-एल दाबून ‘ॲडमिन:///ईटीसी’ लिहा. खिडकी तुमचीच राहते, रूटचे काम मागे वेगळी प्रक्रिया करते. त्यासाठी ‘जीव्हीएफएस-बॅकएंड्स’ पॅकेज लागते. मिंटच्या निमो या फाइल-व्यवस्थापकातले ‘ओपन ॲज रूट’ दिसायला असेच, पण तिथे अख्खी खिडकी रूटची होते. वर लाल पट्टी असते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

दुसरा सुडोएडिट. तो फाइलची प्रत काढतो, प्रत तुमच्या हक्काने उघडतो आणि एडिटर बंद झाल्यावरच मूळ जागी लिहितो. मधेच लाईन गेली तरी मूळ फाइल शाबूत. टर्मिनलमधल्या नॅनो एडिटरसोबत उत्तम. जीएडिट वापरायचा तर ‘सुडो_एडिटर’ या चलात (सगळी अक्षरे मोठी) ‘जीएडिट --वेट’ द्या, नाहीतर आधीच उघड्या खिडकीकडे फाइल सोपवून तो लगेच परततो आणि सुडोएडिट म्हणतो, काही बदललेच नाही.

भारनियमनाच्या गावात आमचे मत सुडोएडिटला.

उपकरण असेल तर ग्रुप

आर्डुइनो बोर्डाप्रमाणे ‘/डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ किंवा ‘/डेव्ह/टीटीवायएसीएम०’वर येतो आणि उबुंटूत तो पोर्ट ‘डायलआउट’ ग्रुपचा असतो, म्हणजे त्या गटातल्या यूजरांना तो वापरता येतो. ‘सुडो युझरमॉड -एजी डायलआउट नाव’ एकदाच द्यायचे. ए लहान, जी मोठा. ए विसरलात तर बाकीचे सगळे ग्रुप जातात, सुडोसुद्धा, आणि रिकव्हरी मोड गाठावा लागतो. नंतर पूर्ण लॉगआउट करा. टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. ‘आयडी’ दिल्यावर यादीत डायलआउट दिसले की झाले. प्रिंटर जोडायला असाच ‘एलपीॲडमिन’.

सीएच३४० चिपचे स्वस्त बोर्ड उबुंटू 22.04 वर पोर्टच दाखवत नसतील, तर तो परवानगीचा दोष नव्हे. ब्रेल पडद्यासाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ त्यांना आपले समजून पकडतो. ब्रेल लागत नसेल तर ते पॅकेज काढा.

बोटांच्या ठशाच्या मशीनला तयार ग्रुप नसला तर यूडेव्ह (जोडलेली उपकरणे हाताळणारी यंत्रणा) नियम लिहा. ‘एलएसयूएसबी’ने क्रमांक बघा आणि नियमात ‘यूॲक्सेस’ टॅग (लॉगिन केलेल्याला हक्क देणारा) लावा. फाइलच्या नावातला आकडा 73 पेक्षा कमी हवा, नाहीतर टॅग लागूच होत नाही. नंतर ‘यूडेव्हॲडम कंट्रोल --रीलोड’ देऊन केबल काढून पुन्हा लावा.

शाळेत मुलांच्या खात्याला डायलआउट पुरे. सुडो फक्त शिक्षकांच्या खात्याला.