पोस्टफिक्स-डव्हकॉट: खात्यांची यादी फाइलीत, डेटाबेसमध्ये की एलडॅपमध्ये?

स्वतःचा मेल-सर्व्हर चालवताना मेल घेण्या-पाठवण्याचं काम पोस्टफिक्स करतो, आणि मेलबॉक्स उघडून वाचू देण्याचं डव्हकॉट. पोस्टफिक्सला एवढंच हवं असतं की अमुक पत्ता आपल्याकडे आहे का. डव्हकॉटला पासवर्ड तपासायचा असतो, शिवाय मेलबॉक्स कुठे आहे तेही लागतं. दोघांनी एकाच यादीवर चालावं, ही खरी गरज. निवड करताना लोक आधी मेलबॉक्स किती ते मोजतात. त्याआधी दोन गोष्टी बघा: यादीत बदल कोण करणार, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे चालायला हवा.

ॲडमिन एकटाच असेल आणि नवं खातं क्वचितच निघत असेल, तर साधी पासवर्ड-फाइल पुरते. एका ओळीत एक खातं, मध्ये कोलन. बॅकअप म्हणजे फाइलची कॉपी. अडचण पोस्टफिक्सकडे आहे. त्याला ही फाइल वाचता येत नाही, म्हणून पत्त्यांची वेगळी मॅप-फाइल ठेवायची आणि दर बदलानंतर पोस्टमॅप (ती फाइल पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी कमांड) चालवायचं. ते राहिलं की डव्हकॉटमध्ये लॉगिन होतं, पण बाहेरून आलेली मेल ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत जाते. एकाच यादीतून दोन्ही फाइली काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहून टाका.

ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला खाती उघडायची-बंद करायची असतील, तर एसक्यूएलला, म्हणजे टेबलांच्या डेटाबेसला, पर्याय नाही. दोन्ही प्रोग्रॅम तेच टेबल वाचतात आणि पोस्टफिक्सॲडमिनसारखं वेब-पॅनल वर बसवता येतं. मात्र डेटाबेस पडला की पोस्टफिक्स ४५१ हा तात्पुरत्या अडचणीचा कोड देऊन समोरच्याला ‘नंतर या’ सांगतो. पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे मेल सहसा हरवत नाही, पण तोवर लोकांना नव्याने लॉगिन करता येत नाही. डेबियन लिनक्सवर आणखी एक खोच आहे: तिथल्या बऱ्याच, विशेषतः जुन्या, इन्स्टॉलमध्ये पोस्टफिक्सचे बरेच भाग क्रूटमध्ये, म्हणजे बाहेरच्या फाइली दिसत नाहीत अशा बंदिस्त फोल्डरात, चालतात. डेटाबेसचा होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिलं तर मारियाडीबी या डेटाबेसचं सॉकेट (त्याच्याशी जोडणारी खास फाइल) शोधलं जातं, आणि ते क्रूटच्या बाहेर असतं. १२७.०.०.१ लिहा किंवा मॅपच्या नावाआधी ‘प्रॉक्सी:’ लावा, म्हणजे क्रूटबाहेरचा पोस्टफिक्सचाच एक भाग डेटाबेसला विचारतो. प्रॉक्सीमुळे उघडी कनेक्शनंही कमी राहतात. मशीन एकच असेल तर एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलीतला डेटाबेस, तोही उत्तम. ‘मेल-इन-अ-बॉक्स’ हा तयार मेल-सर्व्हर त्यावरच चालतो.

एलडॅप, म्हणजे सगळ्या सेवांना विचारता येणारी खात्यांची सामाईक डिरेक्टरी, तेव्हाच घ्या, जेव्हा नेक्स्टक्लाउड (फाइली ठेवायची सेवा), व्हीपीएन, ऑफिसातली लॉगिनं सगळी एकाच पासवर्डवर हवी असतील. माणूस नोकरी सोडून गेला की एका ठिकाणी खातं बंद केलं, सगळीकडे बंद. पण स्कीमा (नोंदींची रचना), डीएन (नोंदीचं पूर्ण नाव), एलडीआयएफ (नोंदींची फाइल) हे सगळं शिकावं लागतं. नुसत्या मेलसाठी ओपनएलडॅप (एलडॅपचा सर्व्हर) बसवणं म्हणजे नसती उठाठेव.

काहीही निवडलंत तरी पासवर्ड तपासायचं काम डव्हकॉटकडेच ठेवा. पोस्टफिक्स एसएएसएल या लॉगिन तपासायच्या पद्धतीमार्फत त्यालाच विचारू शकतो, मग पोस्टफिक्सच्या डेटाबेस-युजरला फक्त पत्ते वाचायची परवानगी पुरते. आणि नक्की ठरत नसेल तर फाइलीपासून सुरुवात करा. फाइलीतल्या हॅशच्या (पासवर्डच्या उलटवता न येणाऱ्या रूपाच्या) आधी त्याच्या प्रकाराचं नाव महिरपी कंसात लिहिलेलं असेल, तर पुढे एसक्यूएलकडे जाताना ते हॅश तसेच टेबलात टाकता येतात, कुणाला पासवर्ड बदलायला सांगावं लागत नाही.