एक हेलिकॉप्टर, तीन बिलं

माझ्या टेबलावर तीन बिलं शेजारी शेजारी ठेवली होती. तारीख एकच. वेळ एकच, सकाळी ७ वाजून १० मिनिटं. नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरचं दिंगबोचे ते काठमांडू. हेलिकॉप्टरचा नोंदणी क्रमांकसुद्धा अक्षरन् अक्षर तोच. नावं मात्र तीन, आणि तिन्ही बिलांत अख्ख्या हेलिकॉप्टरचं भाडं लावलेलं, प्रत्येकी ४,२०० डॉलर. त्या दिवशी ते तिघं एकाच हेलिकॉप्टरमधून उतरले होते. मांडीवर सॅक घेऊन दाटीवाटीने बसलेला त्यांचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे.

मी पुण्यात १४ वर्षं ट्रेक आणि जरा वेगळ्या वाटेच्या सहली ठरवून देते. २०१२ साली गिरिप्रेमी या पुण्यातल्या गिर्यारोहण संस्थेची मोहीम एव्हरेस्टवर पोहोचली, तेव्हापासून पुण्यात एव्हरेस्ट बेस कॅम्पचं वेड वाढतच गेलंय. माथा नाही तर निदान पायथा तरी बघून येऊ, असं म्हणणारी माणसं दर महिन्याला माझ्याकडे येतात. सिंहगड आठवड्यातून तीनदा चढतात, पर्वतीच्या पायऱ्या पाठीवर वजन घेऊन करतात, वर्षभर पैसे साठवतात. अशा ११ जणांचा ग्रुप मी गेल्या ऑक्टोबरात पाठवला आणि त्यांतल्या तिघांची फसवणूक झाली. माझीही झाली, पण माझ्यावर विश्वास टाकून ते गेले होते, म्हणून त्यांची आधी सांगते.

तिकडचा ट्रेक सांभाळणारा काठमांडूचा ऑपरेटर मला मुंबईत ट्रॅव्हल एजंटांच्या एका प्रदर्शनात भेटला होता. बोलायला गोड, मेलला तासाभरात उत्तर. त्याचं कोटेशन बाकी दोघांपेक्षा माणशी २२ हजारांनी कमी होतं. परमिट, ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचं विमान, गाइड, पोर्टर, लॉज, तीन वेळचं जेवण, सगळं धरून. मी विचारलंही, एवढ्यात परवडतं कसं? "दीदी, आमचे ग्रुपच इतके असतात," असं उत्तर आलं. मी मान डोलावली. ११ जणांचे मिळून जवळजवळ अडीच लाख वाचत होते आणि लोकांना आपण स्वस्तात चांगलं देतोय याचं समाधान होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. अॅडव्हान्स पोहोचल्यावर त्याने पहिली मागणी केली ती विम्याच्या पॉलिसींची. ओळखपत्रांच्या प्रती नंतर, रक्तगट नंतर, जेवणाच्या सवयी तर विचारल्याच नाहीत. आधी पॉलिसी, त्याही पूर्ण, कव्हरची रक्कम दिसेल अशा. मला वाटलं, किती काळजीने काम करतोय हा माणूस.

आता वरचं सांगते. लुक्ला २,८६० मीटरवर आहे. तिथून फाकदिंग, मग नामचे बाजार ३,४४० मीटर. नामचेला एक जादा रात्र राहायची असते, शरीराला पातळ हवेची सवय व्हावी म्हणून. पुढे तेंगबोचे, मग दिंगबोचे ४,४१० मीटर, तिथे पुन्हा एक जादा रात्र. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम. माझ्या कागदावर दोन्ही विश्रांती होत्या. पण हंगामात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, तिथे हवा खराब झाली आणि ग्रुपचा एक दिवस गेला. गाइडने तो दिवस नामचेच्या विश्रांतीतून कापला. कुणाला काही विचारलं नाही. "सगळे फिट आहेत, चला," एवढंच म्हणाला. राखीव दिवस शेवटी ठेवलेला होता, तो वापरता आला असता.

चौथ्या रात्री दिंगबोचेला तिघांना त्रास सुरू झाला. वाकडच्या एका इंजिनिअर मुलाला जुलाब, त्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं डोकं ठणकत होतं, आणि आमच्या ग्रुपमधले सर्वांत मोठे, ६१ वर्षांचे निवृत्त शिक्षक, त्यांचंही डोकं दुखत होतं. काकांनी डाळभात पूर्ण खाल्ला होता, जेवणानंतर पत्त्यांचे दोन डाव टाकले होते. गाइड ऑक्सिमीटर घेऊन आला आणि त्यांच्या बोटाला लावला. आकडा आला ७८.

कोविडमध्ये आपण सगळ्यांनी हा आकडा बघितलाय. घराघरांत ९४ च्या खाली गेलं की धावपळ व्हायची. काकांच्या सख्ख्या भावाला त्यांनी अशाच एका आकड्यावर हॉस्पिटलात नेलं होतं आणि तो परत आला नाही. त्यामुळे ७८ दिसल्यावर त्या माणसाचं काय झालं असेल, ते मी समजू शकते. पण पुण्यातलं ७८ आणि ४,४०० मीटरवरचं ७८ यांत फार अंतर आहे. तिथे चांगल्या धडधाकट माणसांचाही ऑक्सिजन ऐंशीच्या आसपास येतो आणि गार बोटावर तर यंत्र आणखी कमी दाखवतं. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, माणूस कसा आहे ते बघावं लागतं. हे जाण्यापूर्वीच्या मीटिंगमध्ये मी सांगायला हवं होतं. बूट, थर्मल, कानटोपी यांवर मी तासभर बोलले आणि हे राहिलं.

गाइडने तिघांना एका खोलीत बसवलं आणि म्हणाला, रात्रीत फुप्फुसात पाणी झालं तर मी जबाबदार नाही. इन्शुरन्स आहेच, तुमचा एक रुपया जाणार नाही, सकाळी हेलिकॉप्टर बोलावतो. कागदावर सह्या घेतल्या. इंग्रजी फॉर्म, बऱ्याच जागा कोऱ्या. विमा कंपनीचा चोवीस तास चालू असणारा मदतीचा नंबर प्रत्येकाच्या पॉलिसीवर छापलेला होता. त्यावर कुणी फोन केला नाही, कारण "आमचं ऑफिस करेल" असं त्याने सांगितलं.

मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट ही, की दिंगबोचेच्या शेजारच्या खोऱ्यात, एक धार ओलांडली की तासाभराच्या आत, फेरिचे आहे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून आहे. वसंत आणि शरद, दोन्ही हंगामांत तिथे उंचीच्या आजारांचे डॉक्टर बसतात. ऑक्टोबर म्हणजे ऐन हंगाम. काका स्वतःच्या पायांनी तिथे जाऊ शकले असते. निदान तिघांपैकी कुणाला तरी डॉक्टरांनी एकदा तपासलं असतं. गाइडने फेरिचेचं नावसुद्धा काढलं नाही.

काठमांडूत हेलिपॅडवर अॅम्ब्युलन्स तयार उभी. हॉस्पिटलात सलाइन, स्कॅन, दोन रात्री. उतरल्यावर दोन तासांत काकांची डोकेदुखी थांबली होती, तरी दोन रात्री. विमा कंपनीला पहिला फोन गेला तो तिघं दाखल झाल्यानंतर. कंपनीने विचारलं, आमची परवानगी का घेतली नाही, खाली चालत का उतरवलं नाही, वरच्या डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे? कॅशलेस नाकारलं. तिथून हॉस्पिटलचा सूर बदलला. पैसे भरल्याशिवाय डिस्चार्ज मिळणार नाही. काकांच्या मुलाने पुण्यातून कार्डावर हेलिकॉप्टर आणि हॉस्पिटल मिळून ४ लाख ७० हजार रुपये भरले. काकांच्या पेन्शनमधून ते फिटायला किती महिने लागतील, याचा हिशोब त्यांनी मला विचारला नाही, मीच घरी बसून केला.

तिघांच्या पॉलिसी दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, म्हणून बिलं एकत्र कुणी बघितलीच नव्हती. क्लेमची कागदपत्रं नीट लावून देते म्हणून मी तिघांकडून मागवून घेतली आणि मग ते टेबलावरचं दृश्य दिसलं. एका फेरीचे १२,६०० डॉलर.

ग्रुपमधले बाकीचे आठ जण पुढे गेले, बेस कॅम्पला पोहोचले. परतताना एका पोर्टरने त्यांच्यातल्या एकाला मोकळेपणी सांगितलं की या कंपनीत गाइडला ट्रेकचा पगार जवळजवळ नसतो. माणूस हेलिकॉप्टरने खाली गेला की त्याच्या बिलातून वाटा मिळतो. तो आधी ऑपरेटरला मिळतो, हॉस्पिटलकडूनही मिळतो, मग त्यातलं गाइडच्या हातावर काही पडतं. मला माणशी २२ हजारांची सूट कुठून आली ते तेव्हा कळलं. ११ जणांमागे त्याने तोटा सोसला, कारण ११ पॉलिसी त्याच्या हातात होत्या. दोन-तीन जण जरी हेलिकॉप्टरमध्ये चढले, तरी सगळं वसूल होऊन वर उरतं. नामचेची विश्रांती कापली तेव्हा त्या गाइडने ठरवून कापली की हलगर्जीने, हे मला आजही माहीत नाही. पण डोकं दुखणारी माणसं त्यातूनच तयार झाली, हे नक्की.

हे नवीन नाही, आणि याचीच मला लाज वाटते. २०१८ मध्ये नेपाळ सरकारने याच प्रकाराची चौकशी केली होती. एका फेरीची अनेक बिलं, गरज नसताना उड्डाणं, हॉस्पिटलांचं कमिशन, सगळं त्या वेळी बाहेर आलं. जेवणात खायचा सोडा मिसळून ट्रेकर्सचं पोट बिघडवल्याचेही आरोप झाले. परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळला जाणाऱ्यांना विमा देणं थांबवू, असा इशारा दिला होता. मी तेव्हा या धंद्यातच होते. बातम्या वाचल्या होत्या. पाश्चात्त्य ट्रेकर्सच्या मोठ्या पॉलिसींपुरतं हे असणार, असं मनाशी धरून बसले.

ऑपरेटरला फोन केला तर म्हणाला, क्लेमचा प्रश्न पॅसेंजर आणि इन्शुरन्समधला, आमचा संबंध नाही. तिन्ही बिलं मेलवर पाठवली, त्यानंतर उत्तर नाही. काठमांडूच्या टुरिस्ट पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. दोन्ही विमा कंपन्यांनी क्लेम फेटाळले. काकांचं प्रकरण आता पुण्यातल्याच विमा लोकपालांच्या कार्यालयात आहे. तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. दीड लाख मी माझ्याकडून काकांना दिले. ते घेत नव्हते, काकूंच्या हातात ठेवून आले.

काका एकदाच विचारायला ऑफिसात आले होते. आठ महिने ते सिंहगड चढले होते, पहाटे साडेपाचला पायथ्याशी असायचे. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ताई, मी खरंच आजारी होतो का?" मी त्यांना खरं तेच सांगितलं. डोकं दुखणं खरं होतं, पण ते लवकर वर नेल्यामुळे होतं, आणि एक दिवस थांबून किंवा थोडं खाली उतरून बहुतेक गेलं असतं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

माझं बोलणं वाचून कुणी खरी गरज असताना हेलिकॉप्टर नाकारू नका, हे हात जोडून सांगते. दारू प्यायल्यासारखा तोल जात असेल, सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल, नुसतं बसून धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, तर तो जिवाचा प्रश्न आहे. त्या क्षणी ताबडतोब खाली, मिळेल त्या मार्गाने. पण नुसतं डोकं दुखतंय, जेवण जातंय, पाय स्थिर आहेत, तर आधी थांबा, वर जाऊ नका, जवळच्या डॉक्टरांना दाखवा. आणि हेलिकॉप्टरला हो म्हणण्याआधी विमा कंपनीच्या मदतीच्या नंबरवर स्वतः फोन करा, केस नंबर मागून लिहून घ्या. गाइड करतो म्हणाला तरी स्वतः करा. कोऱ्या फॉर्मवर सही नको. पॉलिसीची पूर्ण प्रत ऑपरेटरला देऊ नका, कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि मदतीचा नंबर पुरतो. पॉलिसीत ट्रेकिंगचं कव्हर किती मीटरपर्यंत आहे तेही बघा, पुष्कळ साध्या प्रवासी पॉलिसींत ते नसतंच.

एजंटला, म्हणजे मलासुद्धा, विचारा की गाइडला दिवसाचे किती मिळतात. मी आता प्रत्येक ऑपरेटरला हे लेखी विचारते, आणि नामचे व दिंगबोचेची विश्रांती कापायची नाही, दिवस गेला तर शेवटचा टप्पा सोडायचा, हे करारात घालते. दोघांनी माझ्याशी काम करायला नकार दिला. माझे दर आता इतरांपेक्षा जास्त आहेत आणि लोक त्यावरून घासाघीस करतात, तेव्हा मी खण उघडते.

तिन्ही बिलांच्या झेरॉक्स तिथे आहेत, नावं खोडलेली. तुम्ही माझ्याबरोबर जाणार असाल किंवा दुसऱ्या कुणाबरोबर, पैसे भरण्याआधी येऊन बघून जा. शनिवारी दुपारनंतर मी ऑफिसातच असते.