आठ महिने, दोन कोर्स: पुढच्या वर्षी बंदूक चालवायला कुठं शिकणार

तीन दिवसांच्या शिबिराला मी पुन्हा जाणार नाही. पुढचं वर्षभर दर रविवारी बेळगावात एअर रायफलच्या, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा उडवणाऱ्या बंदुकीच्या, वर्गाला जाणार आणि सुगीआधी एक अख्खा दिवस अनुभवी माणसाबरोबर बारा बोअरच्या, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीच्या, सरावाला देणार. शिबिर आणि वर्ग, दोन्हीकडं पैसे आणि वेळ घालवून झालाय, म्हणून लिहितोय. आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, नंदगड भागात पीक राखणीच्या बंदुका घराघरांत आहेत. शिकायचं कुठं, हे विचारणारेही बरेच भेटतात.

आमच्याकडं अप्पांची एकनळी बारा बोअर आहे. ती मेढीच्या खुंटीला टांगलेली असायची, बऱ्याचदा काडतूस भरूनच. ‘हात लावू नको’ एवढंच माझं शिक्षण. अप्पा गेल्यावर लायसन माझ्या नावावर करायला घेतलं, तेव्हा शस्त्र नियम, 2016 प्रमाणं सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं असं कळलं. फॉर्म एस-1 म्हणतात तो कागद. अर्ज कानडीतून होता, शाळेतल्या सहकाऱ्यानं शेजारी बसून भरून दिला. प्रमाणपत्र लवकर मिळेल म्हणून सीमेपलीकडं एका शिबिराला नाव घातलं.

शिबिरात आम्ही तीसेक जण, शिकवणारे दोघं. फी नऊ हजार. दोन दिवस बहुतेक वेळ आपली पाळी कधी येते याची वाट बघण्यात गेला. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला दहा काडतुसं उडवायला मिळाली. कानावर लावायचे मफ सहाच होते, बाकीच्यांनी कापूस कोंबला. दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा भाग, खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धरायचा, हे मला कुणी सांगितलं नाही. आठवडाभर खांदा काळानिळा होता. प्रमाणपत्र मिळालं, काम झालं, तेवढं श्रेय त्यांना आहेच. पण घरी येऊन बंदूक हातात घेतली तेव्हा लक्षात आलं, चाप ओढला आणि काडतूस उडलंच नाही तर काय करायचं हे मला ठाऊकच नव्हतं. पटकन उघडून बघितलं असतं. बार उशिरानंही होऊ शकतो, म्हणून नळी लक्ष्याकडंच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच उघडायचं. हे मला चार महिन्यांनी दुसरीकडं कळलं.

ती दुसरी जागा म्हणजे रविवारचा वर्ग. शिकवणारे साहेब मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पत्र्याची शेड, दहा मीटरची रेंज, नऊ जणांत तीन रायफली, फी महिन्याला दोन हजार. पहिले तीन रविवार छर्रा हातात दिलाच नाही. रिकामी रायफल, आणि नळीच्या टोकाजवळ रुपयाचं नाणं. चाप असा दाबायचा की नाणं पडता कामा नये. पहिल्या दिवशी माझं नाणं चौदा वेळा पडलं. साहेब दर वेळी स्वतः वाकून उचलून परत ठेवायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी सलग वीस वेळा नाणं राहिलं. तेव्हा कळलं, आजवर मी चाप दाबत नव्हतो, हिसकत होतो. एअर रायफलच्या लक्ष्याच्या कागदावर मधला दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटरचा असतो. हिसका मारणाऱ्याला तो लगेच उघडं पाडतो.

पाचव्या रविवारी मागून कुणीतरी हाक मारली आणि मी रायफल हातात घेऊनच वळलो. साहेब एवढंच म्हणाले, “नळी कुठं फिरवूलालायसा, मास्तर?” रायफल काढून घेतली आणि त्या दिवशी मला पुन्हा हात लावू दिला नाही. दोन तास बाकावर बसून मी बाकीच्यांची बोटं बघत होतो, कुणाचं चापाबाहेर आहे, कुणाचं आत. शिबिरातल्या तीन दिवसांपेक्षा त्या दोन तासांत मी जास्त शिकलो.

वर्गात उणं काहीच नाही असं नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. एअर रायफलला बारा बोअरचा धक्का नाही, तो दणका नाही, ओल्या हातानं काडतूस भरायची सवय नाही. त्यांचं प्रमाणपत्र लायसनला चालत नाही. म्हणून फी भरायच्या आधी हे स्पष्ट विचारा: कागद हवाय की शिक्षण? कागद हवा असेल तर तो अधिकृत प्रशिक्षकाकडूनच घ्यावा लागेल, शिबिरातून मिळतो. आणि शिकवणारा एक, शिकणारे किती, हे विचाराच.

कोर्सची तारीख ठरवताना निवडणुकाही बघा. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका बहुधा पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेव्हा स्वतःच्या बंदुकीवर सराव ठरवलात तर तो बुडालाच. वर्गातली एअर रायफल त्यांचीच असते, त्यामुळं माझा एकही रविवार चुकला नाही.

घरातही फरक पडला. खुंटी काढून टाकली. बंदूक कुलपाच्या कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत. हातात घेतली की आधी नळी उघडून डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं.

गेल्या सुगीत रात्री अकराच्या सुमाराला भातात रानडुकरं शिरली. परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं कायद्यात बसत नाही, आम्ही आवाज करून हुसकावतो. पूर्वी अशा वेळी अप्पा अंधारात दिशा न बघता बार काढायचे. मी बांधावर बंदूक घेऊन उभा होतो, काडतूस भरलेलं, बोट चापाबाहेर. डुकरांच्या पलीकडं, शेजारच्या काकांच्या माळ्यावर बॅटरीचा उजेड एकदा हलला. काका राखणीला बसले होते. मी नळी जमिनीकडं केली, काडतूस काढून खिशात टाकलं आणि पत्र्याचा डबा बडवला. डुकरं ओढ्याकडं पळाली. बांधावरूनच काकांना हाक मारली, “काका, जागे आहात न्हवं?” ते म्हणाले, “जागा हाय, बडव तू.”

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवल्यापासून आमच्याकडच्या पोरांनाही रायफल हवीय. माझी नववीतली मुलगीही त्यातलीच. जानेवारीपासूनची तिची जागा वर्गात सांगून ठेवलीय. पहिले तीन रविवार छर्रा मिळणार नाही, हेही तिला सांगितलंय.