फेरफार होतो, सातबारा कोरा होत नाही: विंडोज ११ चं डिफॉल्ट अ‍ॅप्स, आठ महिन्यांनंतर

वापर: जळगाव जिल्ह्यातलं सेवा केंद्र, तीन संगणक. रोजचं काम उतारे, केळी पीकविम्याच्या याद्या आणि बँकेला द्यायच्या फाइली.

फाइल कुठल्या प्रोग्रॅमात उघडायची हे विंडोज ११ मध्ये बदलता येतं, पण 'कुठल्याच नको' असं सांगायची सोय सेटिंग्जमध्ये नाही. बदलण्याला दहापैकी आठ गुण, काढून टाकण्याला तीन.

सगळ्यात जास्त घोळ घालते ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल. एक्सेल टाकलं की या फाइलवर त्याचं नाव चढतं. यादीवर डबल क्लिक केलं की शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाचं पुढचं शून्य गळतं. बारा आकडी आधार १२३४५६७८९०१२ असेल तर रकान्यात १.२३४५७ई+११ दिसतं. नुसतं पाहून बंद केलं तर काही बिघडत नाही. पण त्याच फाइलवर सेव्ह दाबलं की सीएसव्हीत जे दिसतंय तेच लिहिलं जातं, आणि मूळ आकडा गेला तो गेलाच. मराठी नावांच्या जागी à¤-सारखी चित्रं दिसतात ती वेगळीच.

उपाय दोन मिनिटांचा. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स. वरच्या चौकटीत टिंबासकट .सीएसव्ही (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप करायचं, एक्सेलवर क्लिक करून नोटपॅड निवडायचं, सेट डिफॉल्ट. यादी एक्सेलमध्येच हवी असेल तर कोरी शीट उघडून डेटा, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही. फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारी पद्धत), आणि डेटा टाइप डिटेक्शनमध्ये 'डू नॉट डिटेक्ट' ठेवायचं. मथळ्यांची ओळ मग खाली डेटात सरकते; चालवून घ्यायचं, आकडे तर शाबूत राहतात.

आता खरोखर नाव कमी करण्याचं. ईमेलने आलेली डॅट फाइल (कुठल्या प्रोग्रॅमची ते नावावरून न कळणारी) कुणीतरी नोटपॅडमध्ये 'ऑलवेज' दाबून उघडतं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक डॅट फाइल नोटपॅडमध्ये कचऱ्यासारखी उघडते. जुन्या विंडोज एक्सपीत फोल्डर ऑप्शन्समध्ये फाइल टाइप्सचा टॅब होता, तिथे डिलीटचं बटण होतं. त्यानंतरच्या व्हिस्टापासून तो टॅबच गेला. त्यामुळे रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीचा प्रोग्रॅम, उघडावा लागतो: करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाइल एक्स्ट्स. त्यातल्या .डॅट वर राइट क्लिक करून आधी एक्स्पोर्ट, मग ती आख्खी किल्ली (रजिस्ट्रीतला फोल्डर) डिलीट. टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट केला की चिन्ह पांढरं होतं आणि विंडोज पुन्हा विचारायला लागतं.

किल्लीच्या पोटातली 'युजर चॉइस' हाताने दुरुस्त करायच्या फंदात पडू नये. तिथे प्रोग्रॅमच्या नावासोबत एक हॅश, म्हणजे पडताळणीचा कोड, असतो. नाव बदललं आणि हॅश जुळला नाही की विंडोज ती नोंद बाद करतं. फाइलचा प्रकार प्रोग्रॅमशी जोडणारी असॉक कमांडही इथे कामाची नाही, कारण ती सगळ्या संगणकाची नोंद बदलते आणि वापरणाऱ्याची निवड तिच्या वरचढ असते. हेच उलट बाजूनेही लागू: सीएसव्हीची किल्ली उडवली तरी संगणकाच्या नोंदीत एक्सेल असतोच, तो परत उभा राहतो. म्हणून सीएसव्हीला नोटपॅड देणंच बरं.

पीडीएफच्या वाटेला रजिस्ट्रीतून जाऊच नये. २०२४ पासून त्या नोंदीवर विंडोजने वेगळं कुलूप घातलंय, बदलायला गेलं की नकार मिळतो. सेटिंग्जमधून मात्र एज ब्राउझर काढून अ‍ॅक्रोबॅट रीडर लावता येतो, आणि सातबाऱ्यावरची डिजिटल सही राइट क्लिक करून तपासायला तो सोयीचा पडतो.

काउंटरवर बसणाऱ्याला एवढंच सांगून ठेवलेलं पुरतं: अनोळखी फाइल आली की 'जस्ट वन्स', भो. 'ऑलवेज'ला हात नाही लावायचा.